सव्वीस इंचांचा वनवास

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या स्नेह्यांचे लांबलचक पत्र आले. हे गृहस्थ मूळचे पुण्याचे. सदाशिव पेठेतून सायकल मारीत महाविद्यालयात जाणाऱ्या पिढीतले. १९८० नंतर उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेले आणि तिकडचेच झाले. सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेस गेले की मरीन नावाचा डोंगराळ मुलूख लागतो; तेथे त्यांचे बिऱ्हाड आहे. पत्रात प्रथेप्रमाणे प्रकृतीची विचारपूस होती, नातवंडांचे कौतुक होते, आणि मग पुढची तीन पाने केवळ सायकलीवर होती. १९८६ साली पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतलेली आपली डोंगरी सायकल त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे चालविल्यावर भिंतीला टांगली होती आणि मोठ्या चाकांची नवी सायकल घेतली होती. पत्राच्या अखेरीस त्यांनी विचारले होते, "मी खरोखर पुढे गेलो, की नुसता बाजाराला शरण गेलो? तुम्ही आयुष्यभर मुलांना पदार्थविज्ञान शिकविलेत. तुम्हीच निवाडा करा."

निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखाही वाटला नाही. कारण त्यांनी जुनी सायकल सोडली ती हौसेने नव्हे. मागच्या चाकाची रिम ब्रेकच्या घर्षणाने झिजत झिजत अखेर एके दिवशी उतारावर चिरली. ते पडले, मनगट मुरगळण्यावर निभावले. नवी रिम घेण्यास दुकानात गेले तेव्हा तेथल्या तरुणाने चाकाकडे पाहून सांगितले की, या मापाची, रबराच्या ब्रेकवर चालणारी चांगली रिम आता आमच्याकडे येत नाही. मागविली तरी काय मिळेल ते सांगता येत नाही. सायकलीचा सांगाडा शाबूत, हँडल शाबूत, मालकाचे गुडघेही शाबूत. पण एक रिम मिळत नाही म्हणून सारे वाहन अडून बसले. अशा अवस्थेत माणूस नवी वस्तू घेतो, तेव्हा त्यास निवड म्हणावे की नाइलाज?

ज्यांचा या वाहनाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करावयास हवा. डोंगरी सायकल म्हणजे जाड, खाचदार टायरांची, सरळ आडव्या हँडलची, अनेक गिअरांची सायकल. डांबरी रस्ता सोडून पायवाटांवर, दगडगोट्यांवर चालावी अशी तिची घडण असते. ही सायकल जन्मास आली तेव्हापासून सुमारे तीस वर्षे तिच्या चाकाचे माप एकच होते: सव्वीस इंच. आज तिच्या जन्मभूमीत मोठ्या माणसांसाठी विकल्या जाणाऱ्या चांगल्या सायकलींत हे माप जवळपास दिसेनासे झाले आहे. त्याची जागा एकोणतीस इंचांनी घेतली आहे, आणि काही ठिकाणी साडेसत्तावीस इंचांनी. माझ्या स्नेह्यांचे दुःख या तीन इंचांचे आहे.

आता गंमत अशी की, ज्या मुलुखात ते राहतात त्याच मुलुखात या सव्वीस इंचांची प्राणप्रतिष्ठा झाली. मरीनमधील टॅमलपाइस डोंगर आणि त्याच्या पायथ्याचे फेअरफॅक्स हे गाव म्हणजे या सायकलीचे माहेर. १९७०च्या दशकात तेथील काही तरुण शर्यतीच्या नाजूक सायकली बाजूस ठेवून, भंगारात पडलेल्या जुन्या सायकलींवर बसून डोंगर उतरू लागले. या जुन्या सायकली बहुतेक १९३० ते १९४० च्या काळातल्या, श्विन या शिकागोच्या कारखान्याच्या. श्विनने १९३३ साली फुगीर टायरांची, सव्वीस इंची चाकांची एक मजबूत सायकल बाजारात आणली होती. मंदीचा काळ, पोराटोरांनी कशीही आपटली तरी टिकावी, एवढाच तिचा हेतू. मुलांसाठी घडविलेली ही वीस-बावीस किलो वजनाची धोंड चाळीस वर्षांनी दाढीवाल्या तरुणांच्या हाती आली, ती केवळ स्वस्त होती आणि मोडत नव्हती म्हणून.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी या मंडळींनी फेअरफॅक्सजवळच्या एका मातीच्या रस्त्यावर पहिली रीतसर शर्यत घेतली. सव्वातीन-साडेतीन किलोमीटरांच्या अंतरात सुमारे चारशे मीटरांचा उतार. या सायकलींना ब्रेक असे तो पायडल उलटे फिरविल्यावर मागच्या हबमध्ये लागणारा. उतार संपेपर्यंत तो हब इतका तापे की, त्यातले ग्रीस धूर होऊन उडून जाई आणि पुढच्या खेपेपूर्वी हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. या पुन्हा भरण्यावरूनच त्या रस्त्याला 'रीपॅक' हे नाव पडले. गॅरी फिशर याने तो उतार ४ मिनिटे २२ सेकंदांत उतरून जो विक्रम केला तो टिकून राहिला. शर्यतीचे संयोजक चार्ली केली, सांगाडे जोडणारे जो ब्रीझ आणि टॉम रिची, अशी ही सगळी मंडळी.

१९७७ मध्ये जो ब्रीझने भंगाराचा आधार सोडून, या कामासाठी मुद्दाम नव्या नळ्यांचा सांगाडा तयार केला. दोन वर्षांनी फिशर आणि केली यांनी रिचीने घडविलेले सांगाडे घेऊन व्यवसाय मांडला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानात बनविलेली 'स्टंपजंपर' आणली आणि हे कारागिरांचे वेड कारखान्यात पोहोचले. १९९० मध्ये कोलोरॅडोतील डुरँगो येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. वीस वर्षांत भंगारातून ऑलिंपिकपर्यंत! पण या साऱ्या प्रवासात एक गोष्ट कोणी बदलली नाही. ब्रीझने सांगाडा नवा केला, ब्रेक नवे बसविले, गिअर नवे बसविले. चाक मात्र सव्वीस इंचीच ठेवले. का? तर त्या जाडीचे खाचदार टायर त्याच मापात मिळत होते, म्हणून. दुसरे कारण नाही. कोणी प्रयोग केले नव्हते, गणित मांडले नव्हते. १९३३ साली शिकागोत मुलांच्या सायकलीसाठी जे माप धरले गेले, त्यावर पुढे ऑलिंपिकची पदके जिंकली गेली.

या अपघाताचे शास्त्र कसे बनले हे पाहण्यासारखे आहे. एकदा सांगाडा सव्वीस इंचांचा झाला की पुढचा चिमटा त्याच मापाचा होतो. टायरवाले त्याच मापाचे साचे करतात, रिमवाले त्याच मापाच्या रिमा वळतात. त्यातून रबराचे ब्रेक रिमेच्या कडेवर टेकावयाचे असतात. ते ज्या खुंट्यांवर बसवितात त्या खुंट्या सांगाड्याला आणि चिमट्याला कायमच्या डाखलेल्या असतात. चाक तीन इंचांनी मोठे करावे म्हटले तर रिमेची कड तीस-बत्तीस मिलिमीटर वर सरकते आणि ब्रेकचे रबर टायरखाली हवेत राहते. म्हणजे कोणा एकाला वाटले की चाक मोठे करून पाहावे, तरी त्याला सांगाडा, चिमटा, रिम, टायर, ब्रेक हे सारेच नवे करावे लागणार. आणि ते करून देणारे कारखानदार गिऱ्हाईक नाही म्हणून हात वर करणार. गिऱ्हाईक का नाही? तर तसा माल मिळत नाही म्हणून. आपल्याकडील सरकारी कचेऱ्यांत फायली ज्या न्यायाने फिरतात त्याच न्यायाने हे चक्र वर्षानुवर्षे फिरत होते.

ते भेदण्याचा प्रयत्न कोणी केला नाही असे नाही. इंग्लंडमधील जेफ ॲप्स नावाच्या एका कल्पक माणसाने १९८०च्या सुमारास चिखलवाटांसाठी स्वतंत्रपणे सायकल घडविली. तिला त्याने मोठी चाके लावली, आणि टायर आणले फिनलंडहून, बर्फावर चालण्यासाठी बनविलेले. त्यातले काही टायर त्याने कॅलिफोर्नियात फिशर आणि केली यांच्याकडेही पाठविले. त्यांना ते आवडले. पण फिनलंडहून टायरांचा पुरवठा भरवशाचा नव्हता. जो माल हवा तेव्हा मिळत नाही त्यावर धंदा उभा राहत नाही. मोठे चाक मागे पडले ते वाईट ठरले म्हणून नव्हे. टायर वेळेवर पोहोचले नाहीत म्हणून. इतिहासाच्या पुस्तकांत आपण ज्यांना युगप्रवर्तक निर्णय म्हणतो, त्यांतील किती निर्णय असे मालाच्या पुरवठ्याने घेतलेले असतील, असा विचार कधी कधी मनात येतो. असो.

कोंडी फुटली ती १९९९ मध्ये, जेव्हा मरीनमधीलच डब्ल्यूटीबी या कंपनीने मोठ्या रिमेवर बसणारे खरेखुरे जाड, खाचदार टायर काढले. त्यानंतर दोन-तीन वर्षांत गॅरी फिशरच्या नावाने निघणाऱ्या सायकलींत एकोणतीस इंची चाके आली. म्हणजे सव्वीस इंचांना ज्याने जगभर मिरविले, त्यानेच त्यांची गादी दुसऱ्यास देण्याचा घाट घातला. आरंभी चेष्टा झाली. सर्कशीतली चाके म्हणून लोक हसले. तोवर आणखी एक बदल झाला होता, ज्याकडे या चर्चेत फारसे लक्ष दिले जात नाही. ब्रेक रिमेवरून निघून चाकाच्या मध्याशी, हबला जोडलेल्या तबकडीवर गेला. तबकडीच्या ब्रेकला रिम केवढी आहे याच्याशी कर्तव्य नसते. माझ्या मते सव्वीस इंचांच्या सिंहासनाचा पाया या तबकडीने खणला. मोठ्या चाकाने नंतर त्यावर फक्त बूड टेकले.

पुढचे सर्व झपाट्याने घडले. २०११ मध्ये झेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव्ह कुल्हावी एकोणतीस इंची चाकांवर जगज्जेता झाला. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अखेरच्या काही मीटरांत त्याने स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरला अवघ्या एका सेकंदाने मागे टाकले. शुर्टरची चाके साडेसत्तावीस इंची होती. तोच शुर्टर २०१६ मध्ये रिओला सुवर्णपदक जिंकला तेव्हा त्याच्या सायकलीची चाके एकोणतीस इंची होती. सव्वीस इंचांचे नावही आता कोणी घेत नव्हते.

आता मास्तरकीकडे वळतो. मोठे चाक खरोखर चांगले की ही नुसती टूम? वहीवर गणित करून पाहिले. टायरची जाडी धरून जुन्या चाकाची त्रिज्या सुमारे ३३.३ सेंटिमीटर येते, नव्याची ३६.४. समोर दहा सेंटिमीटर उंचीचा दगड आहे असे धरू. चाक दगडाच्या कडेस टेकते त्या क्षणी, ते वर चढावे म्हणून आसाला आडवे किती बळ लावावे लागेल? जुन्या चाकास, त्यावर जेवढा भार आहे त्याच्या १०२ टक्के; नव्यास ९५ टक्के. म्हणजे सात टक्क्यांची सवलत. पाच सेंटिमीटरांच्या दगडास ही सवलत साडेपाच टक्क्यांवर येते. खड्ड्यातही तेच. मोठे चाक खड्ड्यात कमी खोल उतरते, म्हणून बाहेर येताना कमी आपटते. एक दगड असेल तर सात टक्के काय आणि पाच टक्के काय! पण डोंगरवाटेवर दर फेऱ्यास दगड असतो, आणि हजारो दगडांचे हे उसने शेवटी मनगटांनी आणि कमरेने फेडावयाचे असते. सदुसष्ट वर्षांच्या मनगटांना ती सवलत निश्चित कळते.

हे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे नाही. बैलगाडीचे चाक पुरुषभर नसले तरी छातीइतके उंच का असते, हे शेतकऱ्यास विचारण्याची गरज नाही. ज्या गाडीवाटेवर पावसाळ्यात गुडघाभर चाकोऱ्या पडतात, त्या वाटेवर लहान चाक म्हणजे बैलांना शिक्षा.

अर्थात या सवलतीचे मोलही द्यावे लागते. चाकाचा घेर जवळजवळ २० सेंटिमीटरांनी वाढतो, त्यामुळे तोच गिअर साडेनऊ टक्क्यांनी जड होतो. रिम, टायर, तारा सारे थोडे अधिक वजनाचे. आणि हे वजन आसापासून दूर, कडेला असल्यामुळे थांबलेली सायकल पुन्हा वेगात आणताना पायांना जाणवते. तारा लांब झाल्या म्हणजे चाकाचा आडवा ताठरपणा कमी होतो. बुटक्या माणसाची तर पंचाईतच. हँडल उंच जाते आणि वळणावर बुटाचा चवडा पुढच्या टायरला लागण्याचा संभव राहतो. उतारावर बेफाम जाणारे काही शर्यतपटू म्हणून पुढे एकोणतीस आणि मागे साडेसत्तावीस अशी विजोड चाके लावतात. सारांश, निसर्गाने मोठ्या चाकाला फुकट काही दिलेले नाही.

आणि याहून महत्त्वाचा मुद्दा निराळाच आहे. माझ्या स्नेह्यांनी लिहिले होते की, नव्या सायकलीवर पहिल्याच दिवशी, ज्या उतारावर ते पंचवीस वर्षे खाली उतरून चालत जात, तो उतार त्यांनी बसून पार केला. श्रेय त्यांनी चाकाला दिले. मी त्यांना उलट विचारले की, नव्या सायकलीत तेवढे चाकच नवे आहे काय? १९८६ च्या सायकलीचे हँडल खांद्यापेक्षा जेमतेम रुंद, आणि ते पुढे ढकलणारी दांडी वीतभर नसली तरी बारा-तेरा सेंटिमीटर लांब. त्यामुळे उतारावर सारा देह पुढच्या चाकावर कलंडतो. नव्या सायकलीचे हँडल पाऊण मीटर रुंद, दांडी चार-पाच सेंटिमीटरांची, चिमट्याचा कल अधिक आडवा. पुढे शॉक ॲब्सॉर्बर आहे. तबकडीचे ब्रेक पावसातही बोटाच्या इशाऱ्यावर लागतात. टायरात ट्यूब नाही, त्यामुळे हवा कमी ठेवता येते आणि टायर दगडाला अंगावर घेतल्यासारखे दबते. बसण्याची सीट एक खटका दाबून उतारापूर्वी खाली नेता येते. या सुधारणांतून चाकाच्या सात टक्क्यांचा वाटा वेगळा काढून दाखविणे मला तरी शक्य नाही. विक्रेत्याला मात्र ते सोपे असते, कारण चाकाचा आकार दुकानाबाहेरूनही दिसतो. चिमट्याचा कल दिसत नाही.

म्हणजे त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे की, ते पुढे गेले हे खरे. नवी सायकल जुनीपेक्षा चांगली आहे, आणि ती किरकोळ प्रमाणात नव्हे. जुन्याच्या ममतेपोटी हे नाकारणे हा खोटेपणा होईल. आमच्या पिढीला त्याची सवय आहे. आमच्या वेळचे तूप, आमच्या वेळचे मास्तर, आमच्या वेळच्या सायकली. १९८६ च्या सायकलीचे ब्रेक पावसात लागत नसत, ही गोष्टही आमच्या वेळचीच आहे.

उरलेल्या अर्ध्या उत्तराकडे येण्यापूर्वी मापांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यात विनोद आहे. 'सव्वीस' आणि 'एकोणतीस' ही मापे टायरच्या बाहेरच्या कडेची, आणि तीही अंदाजी. टायर रिमेवर जेथे बसते तेथले माप घेतले तर जुने चाक ५५९ मिलिमीटरांचे आणि नवे ६२२ मिलिमीटरांचे. हे ६२२ म्हणजे शर्यतीच्या सायकलींचे जुने युरोपीय माप. याचा अर्थ, 'आधुनिक' म्हणून विकले जाणारे चाक मापाने 'पुराण्या' चाकापेक्षा वडील आहे! साडेसत्तावीस इंचांची कथा तर याहून मौजेची. ते ५८४ मिलिमीटरांचे. फ्रान्समध्ये प्रवासी सायकलींना पूर्वापार वापरले जाणारे. जुन्या ब्रिटिश पद्धतीत याच मापाच्या टायरवर छाप असे तो 'सव्वीस गुणिले दीड'. जुन्या सव्वीसपेक्षा ते बरोबर पंचवीस मिलिमीटरांनी, म्हणजे एका इंचाने मोठे आहे. दीड इंच वाढ झाली असे नावावरून वाटते ते नावापुरतेच.

आणि आपल्या दूधवाल्याची, पोस्टमनची काळी सायकल? तिच्या रिमेचे माप ६३५ मिलिमीटर. कॅलिफोर्नियातल्या नव्या डोंगरी सायकलीपेक्षा तेरा मिलिमीटरांनी मोठे. दोन बाजूंना दुधाच्या किटल्या, मध्ये धनी, खाली खडी आणि चिखल. अशा रस्त्यांवर ही मोठी चाके शंभर वर्षे विनातक्रार चालली. तिला कोणी डोंगरी म्हटले नाही, आणि तिला गिअर नव्हता, एवढेच.

तर उरलेले अर्धे उत्तर. चाक मोठे झाले याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती लहान चाकाच्या पाठीराख्यांना ज्या घाईने वाऱ्यावर सोडले गेले तिच्याबद्दल. २०१२ नंतरच्या थोड्या वर्षांत मोठ्या कंपन्यांच्या यादीतून सव्वीस इंची चांगल्या सायकली नाहीशा झाल्या. पाठोपाठ चिमटे गेले, रिमा गेल्या, चांगल्या टायरांचे प्रकार रोडावले. तीस वर्षांत विकल्या गेलेल्या असंख्य सायकली काही त्या दिवशी मोडल्या नव्हत्या. पोलादी सांगाडा नीट वापरला तर माणसाच्या उमरीइतका टिकतो. ज्या वस्तूचा गाभा पन्नास वर्षे टिकणारा आहे, तिची झिजणारी अंगे पंचवीस वर्षांत मिळेनाशी व्हावीत, हे सुधारणेचे लक्षण नव्हे. रिम, टायर, साखळी, ब्रेकची रबरे ही झिजण्यासाठीच असतात; ती बदलता येतात म्हणून तर यंत्र टिकाऊ म्हणावयाचे.

कोणी म्हणेल, रेल्वेचा रूळ रुंद केला तेव्हा अरुंद रुळावरचे डबे निकामी झालेच की! बार्शी लाइट रेल्वेच्या चिमुकल्या गाडीवर पंढरपूरच्या वारकऱ्यांचे प्रेम होते, म्हणून मार्गाचे रुंदीकरण थांबवावयाचे होते काय? मुळीच नाही. पण तेथे रूळ एकच होता. त्यावर दोन मापांच्या गाड्या चालणे शक्य नव्हते. डोंगरातल्या पायवाटेला गेज नसतो. त्याच वाटेवरून सव्वीस इंची चाकही जाते आणि एकोणतीस इंचीही. जुन्याला हुसकावून लावल्यावाचून नव्याला जागा होत नव्हती, अशी स्थिती तेथे नव्हती. अडचण दुकानातल्या फळीवर होती, आणि कोठारातील हिशेबात होती. चार मापांचे टायर ठेवण्यापेक्षा दोन मापांचे ठेवणे स्वस्त पडते. हे कारण व्यापाऱ्याच्या दृष्टीने रास्त आहे. पण मग ते तसे सांगावे. जुन्या मापाला कालबाह्य ठरविण्याचा आव कशाला?

आणि याच मंडळींचा उगम कोठला? भंगारातून काढलेल्या, चाळीस वर्षे जुन्या सायकलींतून. १९७६ मध्ये रीपॅकवर जमलेल्या तरुणांना १९३०च्या दशकातल्या सायकलीचे टायर दुकानात मिळाले नसते, तर पुढचे काहीच झाले नसते. आज एखाद्या पोराने चाळीस वर्षांपूर्वीची सायकल अडगळीतून काढली तर त्याला चांगली रिम मिळवताना मरीनमध्ये काय अनुभव येतो, ते माझ्या स्नेह्यांच्या पत्रात आलेच आहे.

सुदैवाने जग मरीनपुरते नाही. सायकलीवरून देशोदेशी भटकणारे प्रवासी वर्षानुवर्षे सव्वीस इंची चाकांनाच पसंती देत आले ते याचसाठी की, आफ्रिकेतल्या वा आशियातल्या कुठल्याशा आडगावी त्या मापाचे टायर मिळण्याचा भरवसा असे. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात शाळकरी मुलांच्या हाती जाड टायरांच्या, आडव्या हँडलच्या सायकली आल्या त्या सव्वीस इंचीच. आणि पंक्चरवाल्याच्या टपरीवर त्या मापाची ट्यूब आजही लोंबकळत असते. जे माप तिकडे वनवासात गेले, ते इकडे संसार करून राहिले आहे.

हे सर्व मी स्नेह्यांना सविस्तर कळविले. त्यांचे उत्तर दोन ओळींचे आले. निवाडा मान्य, नवी सायकल डोंगरासाठी राहील. परंतु जुनी बाजारहाटासाठी चालू करावयाची आहे, तेव्हा पुण्यात रिम मिळाल्यास त्यांचा भाचा डिसेंबरात येणार आहे त्याच्याबरोबर पाठवावी. पेटीत मावणार नाही. पुठ्ठ्यात बांधून नेईन असे भाच्याने कबूल केले आहे.

पेठेतल्या एका जुन्या सायकल दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचे. सव्वीस इंची रिम हवी म्हणताच त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

"कोणती सव्वीस, सर? लेडीज सायकलची बारीक, का जाड टायरची?"

"जाड टायरची. ॲल्युमिनियमची असेल तर बरे."

"भोकं किती? छत्तीस?"

मी पत्र काढून पाहिले. छत्तीसच होती. त्यांनी आकडीची काठी घेऊन छताजवळच्या खिळ्यावरून एक रिम अलगद उतरविली, फडक्याने तिच्यावरची धूळ पुसली आणि विचारले, "एकच देऊ, का जोडी?"

मी म्हटले, "जोडीच द्या."